तीन दिवस हात लावायचा नाही

मावशीच्या अंगठ्यांबद्दल क्लबात जे जे बोललं जायचं, ते सगळं सांगत बसलं तर गोष्ट बाजूलाच राहील. सव्वीस वर्षं ही बाई खेळाडूंचे पाय चोळत होती. पाय टेबलावर आला की कुठली पोटरी आखडलीय, कुठल्या मांडीत गाठ आहे, कोण काल रात्री नीट झोपलेली नाही, हे तिला हात लावल्या लावल्या कळायचं. मुलींच्या फुटबॉल संघातल्या एकजात सगळ्या पोरी तिला मावशी म्हणायच्या, अगंतुगं करायच्या आणि टेबलावर पालथ्या पडून घरादाराची गाऱ्हाणी सांगायच्या. मावशी ऐकायची, मध्येच एखादीच्या पोटरीत अंगठा असा रुतवायची की गाऱ्हाणं अर्धवट राहून पोरगी आई गं म्हणायची. मग दोघी हसायच्या.

तिची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत एका बाजूने उतरतं, त्यामुळे उंच माणसाला भिंतीकडे जाताना मान वाकवावी लागे. एक टेबल, बर्फाचा फ्रीज, टॉवेलांची फळी आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली कापूर घातलेल्या तेलाची बाटली, एवढा तिचा संसार. गेल्या आठ महिन्यांपासून मात्र या संसाराला वाटेकरीण आली होती. क्लबाने फिजिओथेरपिस्ट नेमली. तिशीची, शिकलेली, बोलायला मऊ. मधोमध पडदा लागला, पलीकडे दुसरं टेबल आलं, मशीन आलं, संगणक आला. सगळे तिला मॅडम म्हणत. मावशीही तोंडावर मॅडमच म्हणे. घरी नवऱ्याशी बोलताना मात्र ती 'कागदवाली' असायची.

आता कागदवाली का, तर या बाईने आल्या आल्या भिंतीवर एक छापील कागद चिकटवला. सगळ्यांत वरची ओळ अशी: ताजा मुका मार लागला असेल तर पहिले तीन दिवस मालिश नाही, शेक नाही, फक्त बर्फ, पट्टी आणि आराम. खाली मॅडमची सही.

मावशीला ती ओळ वाचून जे काय झालं ते झालं. हा नियम चुकीचा होता का? मुळीच नाही. हा नियम तर मावशीचाच होता. ती स्वतः ज्या बाईंच्या हाताखाली शिकली, त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिच्या हातावर चापट मारून शिकवला होता. ताज्या मारात आत रक्त साकळलेलं असतं, ते चोळून पसरवलं तर स्नायू चिडतो आणि कधीकधी त्या जागी चक्क हाड धरू लागतं. मावशीने हे पोरींच्या दोन पिढ्यांना सांगितलं होतं. आणि आता तेच वाक्य दुसरीच्या सहीने तिच्याच भिंतीवर. माझंच मला शिकवते, असं ती महिनाभर पुटपुटत होती. माणसाचं डोकं कुठे फिरेल सांगता येत नाही हो. स्वतःचा नियम दुसऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून तो तिला परका वाटायला लागला.

त्यातच खारीचं प्रकरण झालं. खार म्हणजे संघात उजव्या कडेने पळणारी खेळाडू, एकोणीस वर्षांची. चण लहान आणि पळणं असं की बचाववाली वळेपर्यंत ही पलीकडे. तिला सगळे खारूताई म्हणत, मावशी नुसतं खार म्हणे. मावशीला मूलबाळ नव्हतं. या पोरीवर तिचा जीव होता आणि ते तिने कधी लपवलंही नाही. रविवारी राज्याच्या मोठ्या संघाची निवड चाचणी होती. खारीने तिच्यासाठी दोन वर्षं घाम गाळला होता. आणि मंगळवारी संध्याकाळी सरावात त्यांच्याच गोलकीपरचा गुडघा सटकन तिच्या मांडीत बसला.

फिजिओ मॅडमनी तपासलं, बर्फ लावला, पट्टी बांधली आणि सांगितलं की दहा दिवस खेळायचं नाही. चाचणी विसर. प्रशिक्षक सरांनीही मान डोलावली.

गुरुवारी दुपारी मॅडम कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या. खार लंगडत आली, पडद्याच्या अलीकडे आली, टेबलावर बसली आणि रडायला लागली. मावशीने तिचे डोळे पुसले, पाणी दिलं, समजूत घातली. पुढच्या वर्षी होईल गं, असंही म्हणाली. तोवर सगळं ठीक होतं. पण मग पोरगी म्हणाली, "मावशी, तू एकदा बघ ना. मॅडमना पुस्तकातलं कळतं. तुझ्या हाताला कळतं."

झालं. एवढं पुरलं. आठ महिने जे ऐकायला कान आसुसले होते ते कुणीतरी म्हणालं, आणि मावशी विरघळली.

तिने पट्टी सोडली. हात ठेवला. मांडी गरम होती, वरून ताठ आणि आत भिजल्या कणकेसारखी. अंगठा थांबला. सव्वीस वर्षांचा तो अंगठा, त्याला काय सांगायला हवं होतं? मावशीला स्वच्छ कळलं की इथे हात लावायचा नाही. आणि कळूनसवरून तिने तेलाची बाटली उचलली. आपण हलक्या हाताने करू, असं तिने स्वतःला सांगितलं. पाच मिनिटांत ते हलकं राहिलं नाही. पोरीने टॉवेल दातात धरला. मावशीने वीस मिनिटं मांडी चोळली, शेवटी शेवटी कोपराने दाब दिला. खार उठली तेव्हा गुडघा आधीपेक्षा जास्त वाकत होता. ती मावशीच्या गळ्यात पडली.

मावशी तिच्या कानाशी म्हणाली, "मॅडमना सांगू नकोस हं."

गुडघा वाकतोय हे बघून सर आणि मॅडमनी नाइलाजाने परवानगी दिली, आणि रविवारी खार खेळली. घट्ट पट्टी आणि दुखण्याची गोळी यांवर चाळीस मिनिटं पळाली, दोन गोल करवून दिले, आणि वीस जणींच्या यादीत तिचं नाव आलं. महिन्याने शिबिर. क्लबात पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. फिजिओ मॅडम म्हणाल्या की शरीर कधीकधी आपल्याला चकवतं, आणि प्रांजळपणे हसल्या. मावशी टॉवेलांच्या घड्या घालत होती, आणि मनातून नुसती फुगली होती. दोन दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग तिसरा आठवडा उजाडला. खारीला बूट घालायला गुडघा दुमडेना. मांडीत पुढच्या बाजूला टणक गोळा लागायला लागला. मॅडमनी एक्स-रे काढायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती फिल्म त्यांनी खिडकीच्या काचेला लावून धरली. मांडीचं हाड होतं तसं होतं, आणि त्याच्यापुढे स्नायूत, जिथे काहीच दिसायला नको तिथे, पांढरट ढगासारखं काहीतरी होतं.

मॅडम म्हणाल्या की स्नायूत हाड धरलंय. पाच-सहा महिने तरी जातील. शिबिराचं विसरायचं. मग त्यांनी विचारलं की मार लागल्यावर पहिल्या तीन दिवसांत कुणी चोळलं होतं का.

मावशी पडद्याच्या अलीकडे उभी होती. पडदा अर्धा उघडा. खोलीत आणखी दोन पोरी बर्फाच्या पिशव्या लावून बसल्या होत्या. खारीने मावशीकडे पाहिलंही नाही. ती म्हणाली की मीच घरी गरम पाण्याच्या बाटलीने रगडलं.

मऊ बोलणाऱ्या मॅडम त्या दिवशी मऊ बोलल्या नाहीत. आवाज ऐकून सर आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोरीला फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी सर म्हणाले की घरी कसले उद्योग केलेस, इथे दहा पावलांवर मावशी असतात, एकदा त्यांना विचारायचं तरी होतंस. आणि ते मावशीकडे वळले.

"सांगा हो मावशी तुम्हीच. काय असतो नियम?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. खारीनेही तेव्हा पाहिलं. मावशीने स्वतःच्या कानांनी स्वतःला बोलताना ऐकलं.

"तीन दिवस हात लावायचा नसतो, बाळ."

पोरगी "हो मावशी" म्हणाली. मावशी टॉवेल घेऊन बाहेर गेली, धुण्याच्या जागेत उभी राहिली आणि धुतलेलेच टॉवेल पुन्हा धुवायला टाकले. तिला वाटलं धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. धरणीला काय, तेवढीच कामं नसतात.

मावशीचा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून जीव मुठीत धरायचा. त्यामुळे उजवी पोटरी कायमची आखडलेली. रोज चहा झाला की मावशी तो पाय मांडीवर घेई. त्या संध्याकाळी तिने पाय घेतला आणि हात चालेना. मग तिने सगळं सांगितलं. चोळलं ते, गप्प राहिले ते, आणि वर पोरीलाच शहाणपण शिकवलं तेही.

नवरा वाईट माणूस नव्हता. त्याने नीट विचार केला आणि म्हणाला की तू गप्प बस. पोरीने आपणहून स्वतःवर घेतलंय. तुला कोणी विचारलं का? नाही ना? मग सव्वीस वर्षांच्या नावावर स्वतःच्या हाताने कशाला बोळा फिरवतेस? पाय काही सांगितल्याने बरा व्हायचा नाही.

मावशी त्याच्यावर अशी उखडली की बिचारा पाय काढून घेऊन बाल्कनीत जाऊन बसला. तुला लाज नाही, मन नाही, दुसऱ्याची लेक आहे म्हणून बोलतोस, काय वाट्टेल ते ती बोलली. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याचा एकही शब्द नवा नव्हता. धुण्याच्या जागेत उभी असताना तिने स्वतःशी अगदी हेच, याच क्रमाने म्हटलं होतं.

पुढचे दहा दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. क्लबात पोरी तिच्या टेबलाकडे यायच्या कमी झाल्या. पडद्यापलीकडे रांग असायची. जी कोणी यायची ती निमूट पालथी पडायची, पाय झाला की थँक्यू मावशी म्हणून निघून जायची. गाऱ्हाणी नाहीत, खिदळणं नाही. मॅडमचं वजन वाढलं, असा तिने अर्थ काढला. मनातल्या मनात तिला ते बरंही वाटत होतं. निदान एवढी तरी शिक्षा होऊ दे.

खार काठी घेऊन यायची. खेळायचं नव्हतं तरी सरावाला येऊन कडेला बसायची. एका संध्याकाळी फाटकापाशी मावशीने तिला गाठलं. सांगायचं पक्कं ठरवून गाठलं होतं. म्हणायचं होतं की उद्या मी सरांकडे जाते. तोंडातून निघालं ते एवढंच की फार दुखतंय का गं.

"नाही गं," पोरगी म्हणाली. "तू का अशी सुकलीस? जेवतेस ना वेळेवर?"

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जेवते म्हणाली आणि उलट्या दिशेची बस पकडून दोन थांबे भलतीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. त्यांनी निवड समितीला पत्र लिहिलं होतं. खेळाडू वैद्यकीय सूचना न पाळता, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे जायबंदी झाली, असं त्यात होतं. सर कठोर होते पण खोटारडे नव्हते. जे त्यांना माहीत होतं ते त्यांनी लिहिलं. तेच म्हणाले की असा शेरा गेला की समिती पुढच्या वर्षीही बोलवत नाही, सांगितलेलं न ऐकणारी पोरगी कुणाला नको असते. वाईट वाटतं, पण करणार काय. पत्र सोमवारी जाणार होतं. त्याआधी शनिवारी सकाळी, सरावापूर्वी, मावशीने सगळ्या संघाला ताज्या माराबद्दल चार शब्द सांगावेत, अशी त्यांची इच्छा होती. मॅडमपेक्षा तुमचं जास्त ऐकतात, असं म्हणून त्यांनी मावशीला मोठेपणाही दिला. मावशी बरं म्हणाली.

म्हणजे आता गप्प राहणंही हातात उरलं नाही. बोलायचंच होतं, फक्त काय, ते ठरवायचं होतं.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत बाकांवर बावीस जणी बसल्या होत्या. सर दाराशी, मॅडम खिडकीपाशी. खार पहिल्या बाकाच्या टोकाला, पाय सरळ पुढे करून. तिच्या शेजारी गोलकीपर.

मावशी बोलायला लागली. आत रक्त साकळतं म्हणजे काय होतं, शरीर ते हळूहळू कसं शोषून घेतं, त्याला त्याच्या गतीने काम करू द्यायचं असतं, आपण घाई केली तर काय होतं. चांगलं सांगत होती, सोपं. सर मान डोलवत होते. तिला वाटलं, असंच बोलत राहिलं तर दहा मिनिटांत संपेल आणि सगळे मैदानावर जातील. तिने भिंतीचा खुंटाळा धरला.

"हे मला सव्वीस वर्षांपासून ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणि ठाऊक असून, मार लागला त्या आठवड्यात गुरुवारी हिची मांडी मी चोळली. हिने काही केलेलं नाही. बाटली वगैरे सगळं खोटं. आणि मॅडमना सांगू नकोस, असं मीच हिला म्हटलं."

ती थांबली. आता आरडाओरडा होईल, कुणी तोंडावर हात धरेल, कुणी शिव्या देईल, अशी तिची समजूत होती. सर दारातून दोन पावलं पुढे आले. मॅडमचा हात खिडकीच्या गजावर राहिला. पण बाकांवर काहीच हललं नाही. एकीलाही धक्का बसला नव्हता. कोणी बुटांच्या नाड्या बघत होतं, कोणी समोरच्या भिंतीकडे.

कर्णधार पोरगी शेवटी म्हणाली, "माहितीये मावशी. त्या दिवशी इथे तिने पट्टी सोडली तेव्हा तुझ्या तेलाचा वास खोलीभर सुटला होता."

मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रिकामं टेबल, निमूट पालथ्या पडणाऱ्या पोरी, थँक्यू मावशी. त्यांना सगळं माहीत होतं. ती पोरीला बाळ म्हणून नियम सांगते आहे हे बर्फ लावून बसलेल्या त्या दोघींनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि उरलेल्या सगळ्यांना सांगितलं होतं. दहा दिवस त्या वाट बघत होत्या. बावीस जणी तिच्यासमोरून ये-जा करत होत्या आणि ती मात्र आपण लपलोय या भ्रमात घड्या घालत बसली होती. कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तिची कातडी पेटली.

फिजिओ मॅडमनी विचारलं ते कामाचं. किती वेळ, अंगठ्याने की कोपराने, तेल गरम होतं का. मावशीने नेमकं सांगितलं: वीस मिनिटं, शेवटची पाच कोपराने, तेल गरम. मॅडमनी वहीत लिहून घेतलं. एक शब्द लागट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मावशीला सोसलं असतं. सरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी सांगितलं की पत्र बदललं जाईल आणि खरं ते लिहिलं जाईल. मावशींनी मात्र क्लबाच्या समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. मावशीने मान हलवली. पत्र बदलणार हे ऐकून तिचा श्वास थोडा मोकळा झाला, आणि तेवढ्यात खार बोलली.

"मावशी, एक विचारू? हात ठेवल्यावर तुला कळलं होतं का?"

पोरी आता मान वर करून बघायला लागल्या. मावशीला प्रश्न नीट कळला. मुका मार कधीकधी हाताला फसवतो, हे या खोलीत सगळ्यांना पटलं असतं. दमलेला हात, उन्हाळ्याची दुपार, रडणारी पोरगी. एक 'नाही' म्हटलं की झालं. सरसुद्धा ते ऐकायला उभे असावेत असं तिला वाटलं. आणि खार तिच्याकडे अशी बघत होती, जणू उत्तर तिला आधीच ठाऊक आहे, फक्त मावशीने ते सगळ्यांसमोर म्हणायचं बाकी आहे.

"हो," मावशी म्हणाली. "पहिल्याच मिनिटाला कळलं होतं."

"मग का?"

"तू म्हणालीस, माझ्या हाताला कळतं. मला ते खरं करून दाखवायचं होतं."

खारीने मांडीवर हात ठेवला. मग हळू आवाजात, मावशीला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "मी या सगळ्यांशी भांडले. दहा दिवस. म्हटलं, मावशीला कळलं असतं तर तिने हात लावलाच नसता."

सरांनी शिट्टी गळ्यात अडकवली आणि सगळ्यांना मैदानावर चला म्हणून सांगितलं. बाकं सरकली, बुटांचे खिळे फरशीवर वाजायला लागले. खारीने काठी शोधली, ती बाकाखाली गेली होती. उठताना तिचा तोल जरासा गेला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने मावशी पुढे झाली, कोपर धरायला. पोरीने हात बाजूला घेतला. मग ती गोलकीपरच्या खांद्याला धरून उठली आणि तिच्यासोबत लंगडत बाहेर गेली.